ताईंची खाट

गजर पावणेसहाचा होता. तो वाजण्याआधीच तिने बंद केला. बाहेरच्या खोलीत मुलगी उघड्या पुस्तकावर हात टाकून झोपली होती. ते पुस्तक तिने अलगद काढले, पानात कागदाची पट्टी घातली आणि टेबलावर ठेवले. स्वयंपाकघरात नवऱ्याने दिवा आधीच लावलेला होता; त्याच्या अधू नजरेला सकाळचा उजेड पुरत नसे. आधण त्याने ठेवायचे आणि भाजी तिने चिरायची, ही वाटणी तो दुकानातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे चार वर्षे, चालू होती. सव्वासहाला चहा. पावणेसातला तिची अंघोळ. साडेसातला दोन डबे ओट्यावर उघडे, आतली वाफ जाण्यासाठी. आठला पाच कमी असताना ती चपला पायात सरकवीत असे.

"आज ती यादी द्यायचीय ना?" डब्याचे झाकण बोटांनी चाचपून बसवत नवऱ्याने विचारले.

"पाच वाजेपर्यंत."

"झाली लिहून?"

"चाळीस नियम झालेत. एक राहिलाय."

"मग एका नियमासाठी एवढं तोंड का उतरलंय?"

"अहो, तो एकच माझा आहे. बाकीचे चाळीस पुस्तकात सापडतात."

तरुणपणी नवरा छापखान्यात जुळारी होता. शिशाचे खिळे एकेक करून जुळवीत त्याने अकरा वर्षे काढली होती. मग संगणक आले आणि त्याने उरलेला जन्म वह्या-पेन्सिली विकण्यात घालवला.

"आमच्याकडे कोणी यादीबिदी मागितली नव्हती," तो म्हणाला. "एक दिवस टेम्पो आला नि खिळे वजनावर गेले. तुम्हाला निदान विचारतायत तरी."

"विचारतात म्हणजे मान देतात असं नाही."

"ते मलाही कळतं. नजर गेलीय माझी, अक्कल नाही." मग आवाज उतरवून, बाहेरच्या खोलीकडे मान वळवून त्याने विचारले, "नाही दिला तो नियम, तर?"

"तर मला ठेवावंच लागेल. निदान काही वर्षं."

"आणि दिलास तर?"

"आम्हा पाचांतले दोघं नोकरीत राहणार आहेत. त्या दोघांत मी आहे असं कोणी म्हटलेलं नाही."

"हिच्या शिक्षणाची अजून दोन वर्षं आहेत."

"ठाऊक आहे."

त्याने दुसरे झाकणही बसवले. "मी काही सांगत नाही बाई. माझा सल्ला ऐकला असतास तर तू माझ्याशी लग्नच केलं नसतंस." ती हसली. पण रस्त्यावर आल्यावर ते हसू टिकले नाही.

ती आरेखक होती. मोठ्या इमारतींना थंड आणि गरम हवा पुरवणारी यंत्रे कुठे बसायची, त्यांतून निघणारे पत्र्याचे मार्ग छतात कसे फिरायचे, याचे नकाशे ती सव्वीस वर्षे काढीत आली होती. किती हवा लागेल याचा हिशेब अभियंते करीत. पण ती हवा तुळईखालून, सांडपाण्याच्या नळावरून आणि विजेच्या तारांना वळसा घालून कशी न्यायची, हा प्रश्न आरेखकाचा. सुरुवातीची वर्षे तिने पारदर्शक कागदावर शाईने काढले, नंतर पडद्यावर. हत्यार बदलले तरी काम तेच होते. या वर्षी मात्र कंपनीने आणलेला प्रोग्राम काम स्वतःच करीत होता. इमारतीची त्रिमिती आकृती त्याला दिली की तो चाळीस मिनिटांत सगळे मार्ग आखून देई. त्यासाठी तिला अकरा दिवस लागत. पहिल्यांदा तिने ते पाहिले तेव्हा तिला राग आला नव्हता. हात थांबून गेला होता, एवढेच. आता त्याला शिकवायचे नियम कंपनीने आरेखकांकडूनच लिहून मागितले होते.

कचेरीत त्या प्रोग्रामाला 'जावई' म्हणत. हे नाव खोडरबरने ठेवलेले. खोडरबर म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा आरेखक. वय सत्तावन्न. कागदाच्या काळात तो काढी त्यापेक्षा जास्त खोडी, म्हणून त्याचे हे नाव पडले, आणि आता साहेबसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारीत.

"या ताई," ती बसताच तो म्हणाला. "जावयाला आज काय काय द्यायचं ठरलं? चाळीस नियम दिलेत, आता बोटं कापून द्या."

"सकाळी सकाळी काय हो अभद्र!"

"अभद्र कसलं? आपली कबर आपणच खणतोय. तीही मोजून मापून, प्रमाणात काढून." तो खुर्ची सरकवून जवळ आला. "ऐका माझं. चाळीस दिलेत, पुष्कळ झाले. खाट देऊ नका. जोवर खाट तुमच्या डोक्यात आहे तोवर तुमची खुर्ची इथं आहे."

खाट म्हणजे एक तुटक रेघांचा आयत. गेली पंधरा-सोळा वर्षे तिच्या प्रत्येक नकाशात, छतात लपलेल्या प्रत्येक यंत्राच्या दारापुढे तो असे, माणूस गुडघे टेकून, खांदे वळवून, बॅटरी बाजूला ठेवून बसू शकेल एवढा. त्या आयतात ती नळ, तार, पत्रा, काहीच येऊ देत नसे. वास्तुरचनाकार भांडत, जागा मागत. ती इतर कुठेही माघार घेई, तिथे नाही. "इथं कोण झोपणार आहे ताई?" असे कोणीतरी विचारले आणि तेव्हापासून ती 'ताईंची खाट' झाली. ती का काढते हे तिने कोणाला सांगितले नव्हते. दुरुस्तीसाठी थोडी जागा सोडा, एवढेच पुस्तक म्हणत असे. किती आणि कशी, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते.

एका मोठ्या रुग्णालयाचा नकाशा जावयाने महिन्यापूर्वी काढला होता. बासष्ट यंत्रे. पत्रा कमी लागावा म्हणून त्याने त्यांतली सतरा भिंतीला आणि तुळयांना इतकी चिकटवली होती की त्यांची दारे अर्धीच उघडली असती. तिने दोन दिवस बसून सतराही हलवली. प्रकल्पप्रमुख मॅडमच्या नजरेतून ते सुटले नाही.

साडेअकराला मॅडमने तिला आत बोलावले. मॅडम चौतिशीच्या होत्या, कामाला चोख, आणि कधी आवाज चढवीत नसत.

"ताई, तुम्ही ती सतरा युनिट्स हलवलीत, ते बरोबरच आहे. मी साइटवर जाऊन पाहिलं. पण दर वेळी तुमचे दोन दिवस जातात. तो नियम लिहून द्या ना, म्हणजे पहिल्याच फटक्यात बरोबर येईल."

"आणि मग माझे ते दोन दिवस?"

मॅडमने पेन खाली ठेवले. "मी खोटं बोलणार नाही तुमच्याशी. कोण राहणार ते माझ्या हातात नाही. असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले. "आता सगळ्या शाखांचे नकाशे त्याच्यावरच निघतात. आपल्या शाखेत तुम्ही आहात. दुसरीकडे कोण आहे मला ठाऊक नाही."

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. कंपनीच्या सामायिक साठ्यातून तिने दुसऱ्या शाखेचा एक नकाशा काढला: एका शाळेचा, गेल्याच आठवड्यात मंजूर झालेला. तिची सवय अशी, की नकाशावर बोट ठेवायचे आणि दुरुस्तीला आलेल्या माणसासारखे चालायचे. जिन्यातून वर, छताची फळी सरकवून आत, वाकून यंत्रापर्यंत. पहिल्या यंत्रापाशी तिचे बोट भिंतीला अडले. दुसऱ्यापाशी तुळईला. एकवीसपैकी नऊ यंत्रांची दारे पुरती उघडणार नव्हती. कोपऱ्यात 'तपासले' या शब्दापुढे कोणाची तरी नीटनेटकी सही होती. त्या माणसाने खोटेपणा केला नव्हता. पुस्तकात होते तेवढे त्याने तपासले होते.

खोडरबर तिच्या खांद्यावरून पाहत होता. "दुसऱ्यांची उठाठेव कशाला करताय? आपल्या टेबलावर आलं नाही ते आपलं नाही."

"तुमच्या घरी कोणी छतात चढतं का हो?"

"माझ्या घरी? माझा मुलगा खुर्चीवर चढून बल्ब बदलत नाही." तो हसला आणि तिचा चेहरा पाहून आपल्या टेबलाकडे वळला.

एकोणीस वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या इमारतीत तिने एक यंत्र तुळईपासून अठरा इंचांवर बसवले होते. आधी तीस इंच सोडले होते, पण मध्येच विजेच्या तारांची पेटी आली, मुदत दुसऱ्या दिवशीची होती, आणि तिने यंत्र एक फूट सरकवले. कोणी हरकत घेतली नाही. इमारत उभी राहिली, चालू झाली. दोन वर्षांनी एक फिटर पंख्याचा सैल पट्टा आवळायला वर गेला. पंखा त्याने बंद केला होता, पण तो अजून पुरता थांबला नव्हता. दार अर्धेच उघडत असल्याने त्याला आत दिसले नाही. त्याने बाजूने हात घातला.

कचेरीतर्फे फळे घेऊन तीच रुग्णालयात गेली होती, कारण बाकी कोणाला वेळ नव्हता. फिटर तिच्याच वयाचा. उजव्या हाताला मोठे बँडेज. दोन बोटे गेली होती.

"बसा ना ताई," तो म्हणाला होता. "माझंच चुकलं. पूर्ण थांबू द्यायला हवा होता. घाई नडली."

"जागा कमी होती का तिथं?"

"जागा काय, आमच्या कामात जागा कधी असते? आम्ही उंदीरच. पण ज्यानं तो नकाशा काढला ना, त्याला एकदा वर पाठवा म्हणावं." आणि तो हसला होता, अगदी निर्मळ, कोणाबद्दल कडवटपणा न ठेवता. तिने फळांची पिशवी उशाशी ठेवली, त्याच्या बायकोला नमस्कार केला आणि ती निघून आली. तो नकाशा आपण काढला हे तिने त्याला सांगितले नाही. पुढे नवऱ्यालाही नाही.

दुपारभर तिने इतर कामे केली. पाण्याच्या नळांचे उतार तपासले, एका पत्रकातली चुकलेली संख्या दुरुस्त केली. सव्वाचारला तिने यादी उघडली. प्रत्येक नियमाला चार रकाने होते. चाळीस ओळी भरलेल्या होत्या. आधाराच्या रकान्यात पुस्तकाचे नाव आणि कलमाचा आकडा. एक्केचाळिसावी ओळ मोकळी होती.

खोडरबरने आपल्या पडद्यावरून नजर न काढता हळूच म्हटले, "ताई, पोरीचं शिक्षण आहे अजून."

"आहे."

"मग?"

"तिकडे शाळेत जो वर चढेल, त्यालाही कोणी असेलच."

थोड्या वेळाने तो उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

पहिल्या रकान्यात तिने लिहिले: 'यंत्राच्या दारापुढे तीस इंच रुंद आणि दाराएवढी लांब जागा पूर्ण मोकळी ठेवावी. दार काटकोनात उघडले पाहिजे.' पुढचा रकाना होता, नियम वगळल्यास काय होईल. तिथे तिने लिहिले: 'माणसाचा हात आत जाईल, नजर जाणार नाही.' अपवादाच्या रकान्यात: 'नाही.'

आधाराच्या रकान्यापाशी ती थांबली. कलम नव्हते. रकाना मोकळा सोडला असता तरी चालले असते. मॅडमने तसे सांगितलेही होते. तिने इमारतीचे वर्णन लिहिले, अपघाताचे वर्ष लिहिले. फिटरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, असे लिहिले. मग एक ओळ सोडून: 'यंत्र अठरा इंचांवर होते. तो नकाशा मी काढला होता.' त्याखाली तिने आपले पूर्ण नाव लिहिले, लग्नानंतरचे, कागदपत्रांत असते तसे.

एकदा वाचून पाहिले. 'अठरा'च्या जागी चुकून 'अठार' झाले होते, तेवढे सुधारले.

पाचला दहा मिनिटे कमी असताना तिने यादी पाठवून दिली, आणि दुसऱ्या शाखेचा तो शाळेचा नकाशा पुन्हा उघडून पहिल्या यंत्राभोवती लाल वर्तुळ काढायला घेतले.