तापमानाचा तक्ता, चौथी खेप

दिवस पहिला. सकाळी ३६.५ सेल्सिअस. संध्याकाळी ३६.७. शेरा: काही नाही.

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद. त्यात न मावलेलं असं:

मिसुझुने भरायला घेतलेला हा चौथा तक्ता. ऑपरेशनच्या आधी चौदा दिवस मुलीचा ताप रोज दोनदा मोजून लिहायचा, अशी हॉस्पिटलची शिस्त. पहिला तक्ता शेंबडावर संपला. दुसरा बालवाडीतल्या फोडांच्या साथीवर. तिसरा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ, तर ऐन वेळी कुणाचं तरी तान्हं बाळ तातडीने ऑपरेशनच्या खोलीत न्यावं लागलं. तान्ह्या बाळावर कुणी रागावतं का? मिसुझु रागावली. परतीच्या बसमध्ये, मास्कच्या आड, अख्खे सोळा थांबे.

दिवस दुसरा. ३६.६. ३६.६. शेरा: बेंबी कोरडी.

चिनात्सु पाच वर्षांची. पोटात असताना बाळाच्या बेंबीपासून मूत्राशयापर्यंत एक नळी असते, ती आपली आपण बुजते. चिनाची मधोमध बुजायची राहिली आणि तिथे गाठ झाली. मार्चमध्ये गाठीत पू धरला, बेंबीतून पाझरायला लागला, आणि पोरीने तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. बेंबीला हात लावला की पोट दुखतं, असं आजीने बजावलं होतं. पोट तर दुखत होतं. म्हणजे हात लावल्याचा आळ येणार. म्हणून गप्प.

"जगातल्या सगळ्या आज्या सांगतात तेच मी सांगितलं," आजी म्हणाली. "तुलाही सांगितलं होतं."

"मला गाठ नव्हती, आई."

"तुला काय ठाऊक? कधी हात लावलास?"

दिवस तिसरा, चौथा, पाचवा. आकडे सारखेच. शेरा नाही, पण डॉक्टर शिमोमुरांचं बोलणं दिवसभर कानात.

"औषधांनी पू आटलाय. गाठ शांत आहे तोवर तीन भोकांत काम होईल. बेंबीतून दुर्बीण, बाजूला दोन बारीक छिद्रं. पुन्हा चिघळली तर कदाचित पोट चिरावं लागेल, मी शब्द देत नाही. तेव्हा उशीर नको."

"मग लगेच करा ना."

"सर्दी-ताप असताना नाही. दुर्बिणीसाठी पोटात हवा भरतो आम्ही. फुप्फुसं वर ढकलली जातात. छातीत कफ असला तर भूल दिल्यावर श्वास अडकू शकतो."

म्हणजे उशीर नको आणि घाईही नको. कारखान्यात कुणी असं बोललं असतं तर मिसुझुने विचारलं असतं, दोन्हीतलं नक्की एक काय ते सांगा.

दिवस नववा. ३६.४.

कारखाना कामाबोकोचा. माशाचा लगदा लाकडी पट्टीवर घुमटासारखा थापायचा आणि वाफवायचा. मिसुझु तिथे एका ओळीवरच्या बायकांची मुकादम. रोज पहाटे अठरा बायकांचा ताप आणि पोटाची तक्रार लिहिलेला कागद तिच्यापुढे येतो. ती बोट आकड्यांवरून खाली सरकवते आणि शिक्का मारते. सदतीसच्या वर गेली की ती बाई घरी.

गेल्या महिन्यात ताकिझावाबाई घरी गेल्या. सदतीस तीन. वय एकसष्ट, वर्षभर एक खाडा नाही. अजून नऊ दिवस भरले असते तर बक्षिसाची गरम झऱ्यांची सहल मिळाली असती.

"नियम आहे, ताकिझावाबाई."

"माहितीये." बाईंनी डोक्यावरची जाळी ओढून काढली. "छत्तीस लिहायला मला काय येत नव्हतं? अक्षर तुमच्यापेक्षा बरंय माझं. पण माझ्या हातचं पोरंटोरं खातात."

मिसुझुने तेव्हा त्यावर मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं.

दिवस दहावा ते तेरावा. चिनाला बालवाडीत पाठवलं नाही. मामेबहिणीचा वाढदिवस रद्द. आजी दुकानातून आली की आधी गुळण्या, मग घरात पाऊल.

"मी काय कोंबडीचा रोग घेऊन आलेय?" आजी.

"गुळण्या कर, आई."

"डॉक्टर म्हणजे गोष्टीतला ढगांतला गडगडोबा आहे का गं?" चिनाने विचारलं. "तोच बेंबी चोरतो ना?"

"हा चोरत नाही. आतली वाईट गाठ काढतो नि बेंबी परत देतो."

"मग सारखं उद्या-उद्या का करतो?"

दिवस चौदावा. दाखल व्हायचा. सकाळी

सकाळी ३७.६.

दुसरी काख: ३७.६. पुन्हा पहिली: ३७.५. आणि एक खोकला. एकच, कोरडा, बशीवर चमचा आपटावा तसा.

बॅग भरलेली होती. चपलांवर चिनाचं नाव लिहून झालं होतं. कारखान्यातून चौथ्यांदा रजा मागताना वाकून वाकून पाठ मोडली होती.

तिने लिहिलं: ३६.६. शेरा: बेंबी कोरडी. शेरा तरी खरा होता.

"किती आला?" आजीने विचारलं.

"आहे तेवढा."

बसमध्ये चिना म्हणाली, "आज दोन्ही काखांत का लावलंस?"

"मशीन बिघडलंय."

हॉस्पिटलात नर्सने मोजला तेव्हा ३७.२ भरला; इथली हद्द साडेसदतीस. साडेसातीच्या पोरीने तेवढ्यात खोकावं की नाही? खोकली नाही. मग भूल देणारे डॉक्टर ओनोदेरा आले. तरणे, चष्म्यावर बोटांचे ठसे. तक्ता हातात घेतला आणि बोट आकड्यांवरून खाली सरकवू लागले.

ते बोट मिसुझुने पाहिलं.

ते कुठेही अडखळत नव्हतं. कागदावर आहे म्हणजे आहे. रोज पहाटे तिचंही अस्संच सरकतं, आणि अठरा बायका समोर उभ्या असूनही ती मान वर करून एकीच्याही तोंडाकडे बघत नाही.

"वा. व्यवस्थित ठेवलाय, होरिएबाई. खोकला नाही ना?" त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

"थांबा. आजचा सकाळचा आकडा खरा नाही. सदतीस सहा होता. खोकलाही आहे."

"घाईत चुकून लिहिला का?"

"नाही."

ओनोदेरांनी पेन बंद केलं. मिसुझुने तक्ता ओढून घेतला, ३६.६ वर दोन आडव्या रेघा मारल्या, वर ३७.६ लिहिलं, आणि पर्समधून होरिए आडनावाचा शिक्का काढून रेघांवर दाबला. कारखान्यात चूक अशीच सुधारतात.

"शिक्क्याची गरज नव्हती हो."

"मला होती."

शिमोमुरा आले. त्यांनी छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं. "गाठ शांत आहे. पण छातीत घरघर आहे. तीन आठवड्यांनी."

"आणि तोवर चिघळली तर?"

"तर जे होईल ते करू." त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिशात कोंबला. "मलाही राग येतो, होरिएबाई. फक्त मी तो लिहीत नाही."

चिना चपला घालत म्हणाली, "म्हणजे आज माझी बेंबी माझ्याकडेच?"

"तुझ्याकडेच. जपून ठेव." मिसुझुला हसू आलं नाही. खरं तर एक लाथ कुणाला तरी घालावीशी वाटत होती, पण पायात हॉस्पिटलच्या स्लिपर होत्या, त्या उडून गेल्या असत्या.

नर्सने नवा कोरा तक्ता दिला; त्याचा पहिला दिवस आठवड्याने उजाडणार होता. परतीची बस निघाली. तिसऱ्या थांब्यावर चिना मांडीवर झोपली, गरम, तोंड उघडं. मिसुझुने कपाळावर हात ठेवला, मग काखेत मशीन, मग तक्ता गुडघ्यावर घेतला.

पाचवी खेप. दिवस उणे सहा. संध्याकाळी ३८.१. शेरा: खोकला. बेंबी कोरडी. आईला फार राग

इथे रकाना संपला. बाकीचं तिने समासात लिहिलं.