हौदातले गप्पी

"मासे कुठं गेले? कोणीतरी बोला!"

हौदाच्या कठड्यावर हात आपटून चिमण ओरडला, तेव्हा रानशेतच्या त्या पाड्यावरची माणसे आपापल्या ओट्यावर उभी राहिली. चिमण आरोग्य केंद्राचा कामगार. घरोघरी फवारणी करण्यात आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हौदांत सोडण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. गेल्या पावसाळ्यात इथल्या बायजीचा नातू हिवतापाने फणफणला, तेव्हा त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेले ते चिमणनेच. त्यानंतर हा हौद त्याने जिवापाड जपला. आज तो पाहायला डॉक्टर येणार होते, आणि पाण्यात अळ्यांखेरीज काही हलत नव्हते.

"बगळा आला असंल," काळ्या पुटपुटला.

"बगळा लुगड्यानं गाळतो काय रे? हे धागे बघ कठड्यावर! औषध होतं ते तुमचं, खायला नव्हतं! कितीही शिकवा, तुम्ही जंगलीच राहणार!"

हाच शब्द चिमणच्या वडिलांनी डहाणूच्या बाजारात जन्मभर ऐकला होता. तोंडातून सुटल्यावर त्याला ते आठवले. समोरची माणसे माना खाली घालून उभी होती. तरीही शब्द मागे घेणे त्याला जमले नाही.

बायजी तेवढी पुढे आली. तिला विचारल्यावाचून त्या पाड्यात लग्नही ठरत नसे.

"झालं ओरडून? चल, जेव. दरवेळी नुसत्या पेजेवर जातोस. आज तुझ्यासाठी कालवण केलंय."

तिला नाही म्हणण्याची प्राज्ञा कोणाची नव्हती. चिमण ओट्यावर बसला. सून दक्षाने नजर न उचलता ताट ठेवले. नागलीची भाकर आणि लाल कालवण. कालवणात बोटाच्या पेराएवढे मासे. एकाच्या शेपटीवरचा निळा ठिपका शिजूनही उरला होता.

"तू दिलेस पाड्याला," बायजी ताठ बसून म्हणाली. "मला वाटलं, देणाऱ्यानं आधी खावं. पोरांना एक दिला नाही. दक्षा नको म्हणत होती, मीच गाळायला लावले. बोलायचंय ते मला बोल, पाड्याला नको."

चिमणला घास तोडता येईना.

इतक्यात जीप आली. डॉक्टर थेट हौदापाशी गेले.

"चिमण, अळ्या वळवळतायत इथं! मासे कुठे आहेत?"

"सोडायचे राहून गेले, सर. माझी चूक झाली."

"निवृत्तीला आलास तू! आता हे पण मी शिकवू?"

सगळ्यांदेखत चिमणने मान खाली घातली. आपण बोलणी खाल्ली म्हणजे मघाचा शब्द पुसला जाईल, अशी त्याला आशा होती. त्याने हळूच ओट्यांकडे पाहिले. काळ्याने पाठ फिरवली होती. दक्षा मुलाला घेऊन आत गेली होती.

जीप निघून गेली. चिमणने परत ओट्यावर बसून कालवण डोक्यांसकट, काट्यांसकट संपवले. बायजीने आणखी वाढू का म्हणून विचारले नाही. त्या घरात पाहुण्याने स्वतःचे ताट कधी उचलले नव्हते. चिमणने ते उचलले, अंगणात बसून राखेने घासले, धुतले, पालथे घातले.

बायजी पाहत होती. तिने त्याला थांबवले नाही.