टँकर फिरेपर्यंत

नारिंगी स्पंजचा तो बोळा दोन बोटांत दाबला की चपटा व्हायचा आणि सोडला की पुन्हा फुगायला लागायचा, पण सावकाश, आळसावल्यासारखा… चंद्रहासच्या कोटाच्या खिशात तो कधीचा पडून होता, गेल्या रविवारचा की गेल्या मोसमातला, कोण जाणे. रेसच्या आवाजाने कान फुटू नयेत म्हणून घालायचा बोळा. जोडीतला दुसरा कुठे गेला? कँटीनमध्ये माणसं जमत होती, कॉफीच्या यंत्रापुढे रांग लागली होती, तळणाचा वास सुटला होता, आणि हा आपला टेबलाखाली हात घालून बोळा दाबत बसला होता. साठीला आलेला माणूस, हॉलंडात आइंडहोव्हनच्या कंपनीत चिप बनवणाऱ्या यंत्रांची डिझाइनं करण्यात निम्मा जन्म गेलेला. प्रणव लहान असताना असे बोळे तो स्वतः वळून त्याच्या कानात बसवायचा. "दुखत नाही ना रे?" "नाही बाबा." मग गाड्या सुटायच्या आणि बोलणं बंद.

स्टॉक कार रेस. शोभा, म्हणजे बायको, त्याला टकरीचा खेळ म्हणायची. "चांगला शिकलासवरलेला माणूस, आणि रविवारी काय बघायला जातो, तर टकरी!" तिचंही खरंच होतं. मातीचा लंबगोल ट्रॅक, लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या गाड्या, पुढच्याला ढकलून बाहेर काढलं तर चालतंच, उलट टाळ्या पडतात. तशा तीन फेऱ्या आणि शेवटी फायनल. आणि प्रत्येक फेरीनंतर पाण्याचा टँकर आत येतो, उडालेली माती भिजवतो, मागून रोलर फिरतो… अर्धा तास जातो त्यात. अर्धा तास सगळे नुसते बसून असतात. असा अख्खा रविवार.

आजची सभा त्यासाठीच होती. बारा वाजता पहिली फेरी, त्याआधी सभासदांनी बोलून घ्यायचं. स्टँड निम्मा रिकामा राहतो, नवी माणसं येत नाहीत, आलेली टिकत नाहीत, तेव्हा खेळाचं रूप बदलायचं का? एक ठराव आला होता. रविवार बंद. शुक्रवारी संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, दीड तासात सगळं उरकायचं. एकच रेस, तिचे तीन टप्पे, टप्प्याटप्प्याला गुण, मध्ये थांबायचं नाही. ठराव मांडणारा सभासद — प्रणव.

हे चंद्रहासला क्लबच्या मेलवरून कळलं. मेलवरून! अरे, फोन करून सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं का तुला?

प्रणव पुढच्या टेबलाशी उभा होता, लॅपटॉप उघडून, शेजारच्या मुलीशी डचमध्ये काहीतरी हसत बोलत. हसताना मान मागे टाकायची सवय थेट शोभाची. चार वर्षं झाली त्याला झूटरमेरला, दुसऱ्या गावी, राहायला जाऊन. दिवाळीला येतो, जेवतो, डबा घेऊन जातो. फोन केला तर "बाबा, मीटिंगमध्ये आहे, कॉल यू बॅक," आणि तो बॅक काही येत नाही. पण रेसचा रविवार मात्र एकदाही चुकवला नाही त्याने. एप्रिल ते ऑक्टोबर, पाऊस असो, गारठा असो, दीड तास गाडी हाणत येतो आणि स्टँडवर ठरलेल्या जागी शेजारी येऊन बसतो. ठराव पास झाला तर शुक्रवारी हा ऑफिसातून मित्रांबरोबर येईल, मित्रांबरोबर बसेल, मित्रांबरोबर जाईल. म्हातारा बाप संध्याकाळच्या गर्दीत कुठे… नाही, ठराव पास होता कामा नये. चंद्रहासने आधीच क्लबच्या अध्यक्षीणबाईंना, मारिएटला, सांगून ठेवलं होतं की मी विरोधात बोलणार आहे. चार दिवस तो बाथरूममध्ये डच वाक्यं घोकत होता. मातीचं शास्त्र. दर फेरीनंतर पाणी मारलं नाही तर माती सुटते, धूळ उडते, चाकं पकड सोडतात. बिनतोड मुद्दा. त्यात मुलाचा कुठे उल्लेखही नव्हता.

ते अर्धे तास माझे होते. बाकी सगळा वेळ कंपनीने घेतला, शाळेने घेतला, त्याच्या मित्रांनी घेतला, या देशाने घेतला. तेवढा मी राखून ठेवला होता.

प्रणव अकरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. घरात मराठी विचारलं की उत्तर इंग्रजीत, रागावलं की डचमध्ये. पुण्याचा फोन आला की कार्टं पळत जाऊन संडासात बसायचं. शोभा कपाळाला हात लावायची… आणि एका रविवारी, टँकर आत शिरताना बघून, चंद्रहासला सुचलं. नियम! गाड्या धावतायत तोवर वाट्टेल त्या भाषेत ओरड. पण टँकर आत आला की तो बाहेर जाईपर्यंत फक्त मराठी. एक शब्द दुसरा नाही. किती खूश झाला होता तो स्वतःवर. मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगितलं होतं, आणि लोक म्हणाले होते, वा, काय डोकं लढवलंय! मग ते अर्धे तास कसे भरून गेले होते… सांगलीच्या हॉस्टेलच्या गमती, पिंपरीचा पहिला पगार, नदीत पोहायला शिकलो ती गोष्ट. पोरगं बूट हलवत ऐकायचं. "बाबा, बंपरला मराठीत काय म्हणतात?" एकदा विचारलं होतं त्याने. "बंपरच म्हणतात रे." तेव्हा दोघंही हसले होते. हसले होते ना? की मी एकटाच?

"पाच तास पावसात भिजत बसायचं, हीच तर मजा," टोन म्हणत होता. हा क्लबातला जुना वेल्डर. यानेच चंद्रहासला पहिल्यांदा इथे आणलं. "दीड तासात काय? सिनेमा आहे का हा?"

"तुझी मजा होते रे, टोन," एक बाई म्हणाली. "माझी पोरं दुसऱ्या फेरीनंतर फोन काढून बसतात. पुढच्या वर्षी ती येणार नाहीत, आणि मग मीही येणार नाही."

"मग नका येऊ."

"तेच तर होतंय!"

मारिएटने चमचा कपावर वाजवला. कुणी म्हणालं टप्प्याटप्प्याचे गुण म्हणजे शाळेतली परीक्षा झाली, कुणी म्हणालं रविवार सोडलात तर मी सभासदाचं कार्ड परत करतो. चंद्रहासला हुरूप येत होता. अर्धी सभा आपल्या बाजूने आहे. टोनने लांबून अंगठाही दाखवला.

मग प्रणव बोलायला उभा राहिला. पडद्यावर आकडे होते, तिकिटांचे, वयोगटांचे. ते त्याने भराभर पुढे सरकवले, आणि मग लॅपटॉप मिटून टाकला. काय सुंदर डच बोलतो हा. मला या जन्मात जमणार नाही असं. चंद्रहासच्या छातीत, विरोधक असूनही, अभिमानासारखं काहीतरी आलंच.

"आकडे राहू देत," प्रणव म्हणाला. "मी अकरा वर्षांचा असल्यापासून इथे येतो. रेस मला तेव्हाही आवडायची, आजही आवडते. पण खरं सांगू? मध्यंतराची मला भीती वाटायची. टँकर गेटातून आत येताना दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा. का, ते सोडा. पण आता अर्धा तास इथे बसायचं, थंडीत, माणसाच्या शेजारी, आणि काहीतरी बोलायचं शोधायचं… आणि सापडत नाही. मी मनातल्या मनात टँकरच्या चकरा मोजायचो. आज स्टँडवर बघतो तर कितीतरी मुलांचे चेहरे तसेच दिसतात. त्यांना आपण हे कशाला करायला लावतोय?"

"माझं बायकोबरोबर असंच होतं!" टोन ओरडला आणि सगळं कँटीन हसलं. प्रणवही हसला. मान मागे टाकून.

त्याने बापाकडे पाहिलं नव्हतं. मुद्दाम पाहिलं नाही असंही नाही; तो सभेशी बोलत होता, मुद्दा पटवत होता, त्याच्या ध्यानीमनीही नसेल की… की बाबाला एवढं डच कळतं? कळतं रे. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. चंद्रहासला आधी संताप आला. भीती? मी काय वाघ होतो? हात उगारला कधी? गोष्टी सांगत होतो मी तुला, माझ्याजवळ जे होतं ते सगळं ओतत होतो, तुझं बोट आपल्या माणसांच्या हातून सुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होतो, आणि तू चकरा मोजत होतास?… मग तो संताप ओसरला आणि खाली काहीच उरलं नाही. तो बूट हलवणारा मुलगा डोळ्यांपुढे आला. "हो बाबा." "माहीत नाही बाबा." सोळा वर्षांतली त्याची मराठी उत्तरं तो आठवू लागला आणि एवढीच सापडली. आपण ज्याला गप्पा म्हणत होतो त्यात आपणच तेवढे होतो. पोराला बोलायचं असेल, शाळेतलं, मित्रांचं, कुणी चिडवलं असेल ते, आणि शब्द नसेल. एक शब्द दुसरा नाही, म्हटलं होतं ना मी. मग गप्प बसायचं आणि चकरा मोजायच्या. वाईट वाटलं. फार, फार वाईट वाटलं.

"चंद्रा, तुला बोलायचं होतं ना?" मारिएट म्हणाली.

तो उभा राहिला. घोकलेली वाक्यं जिभेवर होती, ओळीने, एकही विसरला नव्हता. टोन आशेने बघत होता. आणि प्रणवही, जरा सावध होऊन, कारण बाबा सभेत कधी बोलत नाही.

"मातीबद्दल," चंद्रहास म्हणाला, आणि थांबला. "सगळ्यांना वाटतं, दर फेरीनंतर पाणी मारावंच लागतं. तसं नाही. मी हिशोब केलेला आहे. आदल्या रात्री खोलवर भिजवली आणि त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घातलं, तर माती ओल धरून ठेवते. दीड तास सहज. मध्ये थांबायची गरज नाही." त्याचं डच नेहमीसारखंच अडखळत होतं, पण सगळे ऐकत होते. "गरज आधीही एवढी नव्हती."

हे शेवटचं कशाला बोललो, असं त्याला खाली बसताना वाटलं. टोनचा चेहरा उतरला होता. मातीचा प्रश्न सुटला म्हटल्यावर काठावरची मंडळी ठरावाकडे सरकली. हात वर झाले, मारिएटने मोजले, पुढच्या मोसमापासून शुक्रवार. प्रणव टेबलांमधून वाट काढत आला आणि त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"थँक्स बाबा! आय थॉट यू वेअर अगेन्स्ट इट."

"छे, छे."

बारा वाजता पहिली फेरी सुटली. ऑक्टोबरचं मळकट आभाळ, चिखलाचे फवारे, दात हलतील असा आवाज, आणि शेजारी प्रणव उभा राहून ओरडत होता, डचमध्ये, कुणाच्या तरी नावाने, गळ्याच्या शिरा ताणून, आनंदाने. चंद्रहास रेस बघत नव्हता. तो मुलाला बघत होता. एवढा आनंद या पोरात असतो हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं, कारण गाड्या धावत असायच्या तेव्हा तो स्वतः पुढचं मध्यंतर मनात जुळवत बसायचा, आज कुठली गोष्ट सांगायची म्हणून.

झेंडा पडला. इंजिनं एकेक करून गप्प झाली. गेट उघडलं आणि टँकर आत आला.

प्रणव खाली बसला. त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, हात गुडघ्यांमध्ये घेतले, आणि चंद्रहासला दिसलं की त्याने एक छोटा श्वास घेतला, थंड पाण्यात उतरताना घेतात तसा. सत्तावीस वर्षांचा बाप्या माणूस. नियम कधीच कुणी मोडला नव्हता, कुणी रद्दही केला नव्हता.

"बाबा… आई कशी आहे?"

प्रत्येक वेळी हेच वाक्य असायचं. पहिलं वाक्य, तयार करून आणलेलं, दीड तासाच्या रस्त्यात बहुतेक घोळवलेलं. आजवर चंद्रहासला वाटत आलं होतं, किती माया आहे पोराला आईची.

"बरी आहे."

पुढे काय? तू डचमध्ये बोल रे, असं म्हणावं का? इंग्रजीत बोल, मला चालेल, मला सगळं चालेल… पण हे कुठल्या भाषेत म्हणायचं, आणि म्हटलं तर त्याला कळेल की सकाळचं मला समजलं, आणि मग तो ओशाळेल, माफी मागेल, आणि ते तर नकोच होतं. सांगलीची एक गोष्ट ओठांवर आली होती ती त्याने गिळली. प्रणव वाट बघत होता, की बाबा आता सुरू करेल. बाबा सुरू करत नाही म्हटल्यावर तो जरा गोंधळला, त्याने बुटाचं टोक हलवलं, हसल्यासारखं केलं, "थंडी… आहे," म्हणाला.

"हो, आहे."

टँकर दूरच्या वळणावर होता, शांतपणे पाणी सोडत, एवढ्या हळू की हलतोय की नाही कळू नये, आणि चंद्रहासच्या पोटात काहीतरी घट्ट वळायला लागलं. आटप रे बाबा, तो मनात त्या ड्रायव्हरला म्हणाला, आटप लवकर, सुटू दे माझ्या पोराला… आणि त्याने मोजायला सुरुवात केली.