नागोरावांचा मुका ट्रम्पेट

मी एक जुना ट्रम्पेट आहे, दारव्ह्याच्या नागोरावांचा. बॅन्डवाल्यांचं पितळी वाद्य म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी मुंबईच्या हॉटेलात जॅझ वाजवलं आहे. अर्धी चाल कागदावरची, उरलेली नागोरावांच्या मनात येईल तशी. लोक जेवायचं थांबून ऐकायचे.

वडील आजारी पडले म्हणून नागोराव गावी परतले आणि लग्नांत वाजवू लागले. पोळ्याला शेजारच्या बोरी अरब गावच्या नाटकात ते मुक्या बॅन्डमास्तरचं काम करत. त्यांची सगळी भाषणं मीच बोलायचो. बॅन्डमास्तरला आई गेल्याचं कळतं त्या प्रवेशात मी रडलो, की बायकांचे पदर डोळ्यांना लागत. एवढा मान मला मुंबईतही मिळाला नव्हता, खरं सांगतो.

मग कापसाची वाईट वर्षं आली. नाटक बंद पडलं, लग्नं दारातल्या दारात उरकू लागली. त्यात नागोरावांना दमा जडला. तीन वर्षं मी खुंटीवर लटकलो. अंगावर धूळ बसली, तोंडात कोळ्यानं जाळं केलं, कोणी फिरकलं नाही.

एका दसऱ्याला पूजेत मांडायचं म्हणून त्यांच्या पत्नीनं, तुळसाबाईंनी, मला देवाच्या भांड्यांसोबत चिंचेनं घासलं. माझ्या पोटात बोटांनी दाबायचे तीन दट्टे आहेत, आकडे कोरलेले. बाईंनी तेही काढून धुतले, मायेनं पुसले आणि परत बसवले. पण पहिल्याच्या जागी तिसरा बसला आणि तिसऱ्याच्या जागी पहिला. दट्ट्यांची भोकं आपापल्या जागीच जुळतात. आता माझ्यातून वारा जाणार कसा?

पूजा झाल्यावर नागोरावांनी मला ओठांना लावलं. फुंकलं. आवाज नाही. पुन्हा फुंकलं. डोळे अधू झालेले, आकडे त्यांना दिसणार कुठून.

"तुळसा, माह्या छातीत दमच नाही राह्यला," ते म्हणाले.

"कायले असं बोलता जी? उद्या वाजवून पाहा ना."

"आता कायचा उद्या. टांगून दे त्याले."

चूक त्यांच्या छातीत नव्हती, माझ्या पोटात होती. मला ते ठाऊक होतं. पण त्यांच्या श्वासावाचून मला बोलता येत नाही.

त्याला चार वर्षं झाली. रोज संध्याकाळी ते माझ्याखाली खाटेवर बसतात आणि नाटकातली ती रडण्याची चाल तोंडानं शिटी घालत वाजवतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कुठे न थांबता. दम शाबूत आहे हो त्यांचा. वर लटकून ऐकताना माझा जीव तुटतो.

मित्रांनो, घरातलं एखादं वाद्य मुकं झालं, तर आधी ते उघडून पाहा. माणूस संपला असं लगेच मानू नका. आणि दारव्ह्याला आलात, तर नागोरावांच्या घरी जरूर या. पहिला आणि तिसरा, एवढीच अदलाबदल करायची आहे.