भय्याजीच्या गाडीचं तेल

सिहोऱ्याच्या भय्याजींना दोन गोष्टींचा गर्व होता. एक, तलावाची पाळ कुठं गळते ते त्यांना पाळीवरून नुसतं चालत गेलं तरी कळायचं. आणि दोन, आसपासच्या दहा गावांत अँबेसेडर त्यांच्या एकट्याकडे होती. पहिला गर्व खरा होता. दुसऱ्याबद्दल मी मिस्त्री म्हणून एवढंच सांगतो, की लिलावात गाडी घेताना त्यांनी फक्त रंग पाहिला. हाच माणूस बैल घेताना दात मोजून घेतो.

गाडी तेल गाळायची. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तर भय्याजी ज्यांच्या घरी बसायला जात, त्यांच्या सारवलेल्या अंगणात काळा डाग ठेवून येत. बायका तोंडावर काही बोलत नसत, कारण धान त्यांच्याच राइस मिलमध्ये न्यायचं असे. तुमसरला माझ्याकडे गाडी दोनदा आली. एकदा मी इंजिनच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, एकदा खालच्या तेलाच्या चेंबरचं. दोन्ही वेळा आठ दिवसांत तेल पुन्हा कमी. तिसऱ्यांदा भय्याजींनी जाब विचारला तेव्हा स्वतःची लाज झाकायला मी म्हणून गेलो, की पॅकिंग नवं आहे, एवढं तेल गाडीतून जाऊच शकत नाही.

एवढं पुरलं. गाडीतून जात नाही म्हणजे ड्रायव्हर नेतो. सात वर्षं इमानानं गाडी चालवणाऱ्या धनीरामला भय्याजींनी मिलच्या ओट्यावर, चार लोकांत, तेलचोर ठरवलं आणि किल्ली काढून घेतली. अंगणातले डाग साऱ्या गावानं पाहिले होते. पण भय्याजी बोलले की गावाची जीभ टाळूला चिकटते.

महिन्याभरानं धनीराम सायकलनं माझ्या गॅरेजवर आला. त्याच्या मुलीची सोयरीक मोहाडीत ठरली होती. मुलाच्या बापानं निरोप धाडला होता, की चोराच्या घरची मुलगी करायची की नाही ते पाहू. मला वाटलं हा शिव्या देईल. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मिस्त्री, तेल कुठं जाते ते काढ," तो म्हणाला. "मले नोकरी नाही पाहिजे. माह्यं नाव पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी सिहोऱ्याला, मिलच्या आवारातल्या भय्याजींच्या घरी गेलो. रॉकेलनं सगळं इंजिन धुतलं, पुसून कोरडं केलं आणि भय्याजींच्या घरच्या मंगलाबाईंकडून तोंडाला लावायची पावडर मागून घेतली. ती इंजिनवर भुरभुरवली. तेल जिथून निघेल तिथं पावडर काळी पडते. भय्याजी खुर्ची टाकून समोर बसले आणि गळती कशी शोधावी यावर त्यांनी मला अर्धा तास ज्ञान पाजलं. गाडी पाहायला पंधरा-वीस माणसं जमली होती, त्यांनी माना डोलावल्या.

गाडी चालू केली आणि पावडर एकदमच सगळीकडे काळी पडायला लागली. वरून, पुढून, मागून. सगळी पॅकिंगं एकाच दिवशी कशी मरतील? मी तेल ओतायचं झाकण उघडलं, तर आतून फस्सकन वाफारा माझ्या तोंडावर आला. मग मी गाडीखाली शिरलो. इंजिनला वर एक आणि खाली एक अशा दोन नळ्या असतात, आतली कोंडलेली हवा बाहेर जायला. वरची नळी काजळीनं बुजली होती, आणि ही खालची कुणीतरी कापड गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकून, वरून डांबर लावून बंद केली होती. काम एक नंबर झालं होतं.

हे कुणी केलं, मी विचारलं.

"मीच बुजवलो," भय्याजी खुशीत म्हणाले. "होळीच्या आधी. थेंब थेंब गळत होती ना."

मी खुंटी उपटली, वरची नळी साफ केली, पुन्हा पावडर टाकून गाडी चालू केली. पावडर पांढरीच राहिली.

"भय्याजी, हा गाडीचा सलंग होता," मी म्हणालो.

सलंग म्हणजे तलावाचं जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट. ती अडवली की पाणी पाळ फोडून निघतं, हे तिथल्या लहान पोरालाही कळतं. दोन वर्षांपूर्वी सेवकरामनं आपल्या धानाच्या बांधीला पाणी पुरावं म्हणून सलंग अडवला, तेव्हा त्याला गावासमोर माफी मागायला लावणारे भय्याजीच होते. सेवकराम त्या गर्दीतच उभा होता. कुणी हसलं नाही. ज्यांना हसायचं होतं ते मिलच्या फाटकाबाहेर जाऊन हसले.

भय्याजींनी धनीरामला बोलावणं धाडलं. तो येताच, माणूस रजेवरून परतल्यासारखी किल्ली पुढे केली आणि सांगितलं, की सकाळी गोंदियाला जायचं आहे.

धनीरामनं हात पुढे केला नाही. "चोर म्हटलं तवा चार लोकं होते. आता बी आहेत. म्हणा, नव्हता म्हणून."

"मले काय विचारतं? ह्या मिस्त्रीनंच सांगतलं होतं," भय्याजी म्हणाले, आणि आंघोळीची वेळ झाली म्हणून आत निघून गेले.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. भय्याजींचं ते एक वाक्य खरं होतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. मी म्हणालो, मला गळती सापडली नव्हती, म्हणून खोटं बोललो. धनीरामनं ऐकून घेतलं आणि सायकल वळवली.

"बस मांगं," तो म्हणाला. "हेच मोहाडीले चालून सांग."

मोहाडीला मुलाच्या बापाच्या ओसरीवर मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, की मंग तुह्याकडे गाडी कोण आणंल? मी म्हणालो, नोका आणू.

लग्न ठरल्या दिवशी झालं. धनीराम स्वतः मला आवतण द्यायला आला होता. पंगतीत तो सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होता. माझ्या पत्रावळीपाशी आला की मात्र भांडं दुसऱ्याच्या हाती द्यायचा.