उलट्या काठ्या

“कागद आडवा ठेवून डोंगर काढू नकोस, बुरुल. झोपलेला डोंगर कुणाला ओळखू येत नाही.” जुमाश मास्तरांनी हे शाळेत सांगितलं त्याला चाळीस वर्षं झाली. आज सासूबाईंनी तिचं चित्र नाकाशी नेलं, लांब धरलं आणि विचारलं, “हे कुठलं गं टेकाड?” तेव्हा बुरुलला मास्तर आठवले; कागद मांडीवर आडवा ठेवूनच तिने ते काढलं होतं.

ते टेकाड नव्हतं. सासूबाईंनी पन्नास उन्हाळे जिथे घोड्या दुहिल्या, ते वरचं कुरण होतं. गुडघे गेल्यापासून त्यांचं वर जाणं सुटलं होतं आणि आता डोळ्यांवरही पडदा उतरत होता. ‘पानं गळायच्या आत कुरण तुमच्या खोलीत आणते’, असा शब्द बुरुलने दिला होता.

कागद उभा धरणारं शहरातलं ईझल तिच्या पेन्शनला झेपणारं नव्हतं. ती कोठारात गेली. तिथे सासूबाईंची यूर्त, कुरणावरचा त्यांचा गोल तंबू, सहा वर्षं सुटी करून ठेवलेली होती. बिस्मिल्ला म्हणून तिने छताच्या तीन काठ्या उपसल्या. विचारलं मात्र नाही.

बुडाशी वाकलेल्या त्या काठ्या तिने यूर्तीत लावतात तशाच धरल्या, वाक खाली आणि सरळ टोकं वर. शेंडे चामड्याच्या वादीने आवळले. दवाखान्यात तीस वर्षं पट्ट्या बांधलेले हात होते, गाठ पक्की बसली. पुढच्या दोन पायांवर आडवी पट्टी बांधून तिच्यावर जुन्या कपाटाच्या पाठीची फळी टेकवली. नव्या शिंगरासारखे पाय हळूहळू फाकत गेले आणि सगळं धाडकन आडवं झालं.

“काय पडलं गं?” आतून आवाज आला.

मांजरावर ढकलता आलं असतं. पण सकाळी ज्या तोंडाने नमाज पढला, त्याच तोंडाने खोटं बोलवेना. “अपा, तुमच्या यूर्तीच्या तीन काठ्या मी घेतल्यात.”

भिंत धरत सासूबाई कोठारात आल्या. खाली बसून त्यांनी काठीवरून बुडापर्यंत तळवा फिरवला.

“खुळी गं खुळी,” त्या म्हणाल्या, “वाक खाली असतो तो भिंतीच्या जाळीला बांधायला. इथे जाळी कुठाय? घसरणारच. उलट्या कर.”

“यूर्तीच्या काठ्या? उलट्या?”

“मग? आता काय यूर्त राहिलीय ती? उंदरांची धर्मशाळा झालीय.”

काठ्या उलट्या झाल्या. टोकदार शेंडे मातीत रुतले, वाकडी बुडं वर फुलली, फळी जागची हलेना. बुरुलचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी फळीला एक धक्का देऊन पाहिला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी नमाज आटोपून बुरुलने रंग, कागद आणि रोटी फडक्यात बांधली, फळी आणि काठ्या खांद्यावर घेतल्या. कोठारात उरलेली जुडी तीन काठ्यांनी सैल पडली होती. तिने दोरी पुन्हा घट्ट आवळली, दार हलकेच लोटलं आणि कुरणाची वाट धरली.