मंचावरची पिल्लं

शाळेतली मुलं मुख्याध्यापिकांना ‘मोठ्या बाई’ म्हणत, आणि बाईंना सगळं मोठंच करायची हौस. शहराबाहेरच्या प्राणी निवाऱ्याला मदत करायचं ठरलं, तेव्हा नुसती जुनी पांघरुणं गोळा करून त्यांचं समाधान होईना. त्यांनी निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

“स्नेहसंमेलनात पिल्लंच आणा. पालक असतील, तिथल्या तिथे घरं मिळतील.”

डॉक्टरीणबाई कचरल्या. “गर्दीत नको. आम्ही आधी घर बघतो, माणसं बघतो. टाळ्यांच्या भरात घेतलेलं पिल्लू लवकरच नकोसं होतं.”

“अहो, आमचे पालक सुशिक्षित आहेत. आणि पहिलं पिल्लू मीच घेणार आहे!”

निवाऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई हो म्हणून बसल्या.

कार्यक्रम झोकात झाला. एका तपकिरी कानाच्या पिल्लाला छातीशी धरून बाईंनी भाषण ठोकलं, “मुक्या जिवाला एकदा आपलं म्हटलं की शेवटपर्यंत आपलं म्हणायचं!” मुलांनी हट्ट धरला, आयांनी डोळे वटारले, आणि चारचौघांत नाही कसं म्हणायचं म्हणून वडिलांनी हात पुढे केले. बघता बघता टोपल्या रिकाम्या झाल्या.

तपकिरी कानाच्या पिल्लानं बाईंच्या घरी गालिचा भिजवला, चपला कुरतडल्या, रडून रडून घर डोक्यावर घेतलं.

“भाषण तू केलंस, शिक्षा मला का?” नवरा वैतागला.

शेवटी बाईंनी पिल्लू शाळेच्या शिपाईमामांच्या हाती दिलं. “थोडे दिवस सांभाळा, मामा.” पुढे बाईंनी विचारलं नाही, मामांनीही विषय काढला नाही. बाईंना हायसं वाटलं.

काही आठवड्यांनी शाळेच्या फाटकाशी कुणीतरी खोक्यात एक पिल्लू ठेवून गेलं. स्नेहसंमेलनातलंच. बाई भडकल्या. खोकं उचलून तडक निवाऱ्यात गेल्या.

“काय लोक असतात हो! जनाची नाही, मनाची तरी! माझं बघा, घरभर कसं बागडतंय.”

पिल्लाचं पोट चाचपणारा डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्या पिंजऱ्यांच्या रांगेकडे बघत राहिल्या. बाईंनीही तिकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या जाळीमागे तो तपकिरी कान होता.

“शिपाईमामा आणून देऊन गेले,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “पिल्लामुळे घरमालकानं खोली सोडायला सांगितली म्हणे. तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी. रस्त्यात सापडलं म्हणाले. पिल्लू मीच ओळखलं.”

पिल्लू शेपूट हलवत जाळीशी आलं. बाईंचे कान तापले. कुठे बघावं कळेना.

“मी... मी परत नेते त्याला.”

“नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. “आता त्याला सोडून दिलेलं कळायला लागलंय.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मामांना आपल्या खोलीत बोलावलं, पण बसा म्हणायलाही जीभ वळेना.

“मामा, मला सांगायचं होतंत.”

“कसं सांगणार, बाई? तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात ना.”

पालकसभेत बाईंनी घडलं तसं सांगितलं, खोटं बोलल्याचंसुद्धा. मग मागून एक गृहस्थ उठले. “म्हणजे तुम्ही स्वतः सोडलंत आणि आम्हाला गळ घातलीत? पिल्लू गेलं म्हणून आमची पोरगी अजून रडतेय.”

बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. सभा संपल्यावर दोन-चार आया मात्र जवळ आल्या, आणि आमचंही आता घरी नाही, असं चाचरत सांगून गेल्या.

त्यानंतर निवाऱ्यासाठी शाळेनं काय करायचं, ते डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. शनिवारी मुलांनी आईवडिलांना सोबत घेऊन यायचं, भांडी घासायची, म्हाताऱ्या कुत्र्यांना फिरवायचं. त्या दिवशी पिल्लू कुणालाच मिळणार नाही. पहिल्यांदा जेमतेम मूठभर कुटुंबं आली, नंतर हळूहळू वाढली. तपकिरी कानाचं पिल्लू एका शिंप्याच्या घरी गेलं, डॉक्टरीणबाईंनी ते घर पारखल्यावर. बाईंनी पत्ता विचारला नाही.

एका शनिवारी निवाऱ्यात पाहुणे आले आणि बाईंची पाठ थोपटू लागले. “काय सुंदर उपक्रम काढलात! एक फोटो होऊन जाऊ दे.”

“फोटो नको,” बाई म्हणाल्या, आणि खरकट्या थाळ्या उचलून मागच्या नळाकडे गेल्या.